नदीवरची चॉकलेट गिरणी

गेल्या अंकात या सदरात मी एक फोटो छापला होता. पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीवर न्वाझिएल नावाचं गाव आहे, तिथली मनिए घराण्याची चॉकलेटची गिरणी, १८७२ साली पुरी झालेली. फोटोखाली एकच ओळ होती: ‘एकतीस वर्षं बांधकाम शिकवलं, त्यात सगळ्यात जास्त वेळा फळ्यावर काढलेली इमारत हीच.’ त्या ओळीवरून इतकी पत्रं आली की या महिन्याचं अख्खं सदर तिच्याच नावे केलं आहे. इतर विषयांवर लिहिणाऱ्यांनी थोडं थांबावं, त्यांची पत्रं मी जपून ठेवली आहेत.

ताई, मुलगा पॅरिसला नोकरीला आहे, त्यामुळे मे महिन्यात आम्ही दोघं न्वाझिएलला जाऊन आलो. भिंत बघून सौभाग्यवतींना पैठणीचा पदर आठवला. माझा प्रश्न साधा आहे. विटांवरून ज्या तिरक्या लोखंडी पट्ट्या गेल्या आहेत, त्या शोभेच्या की कामाच्या?
– एक वाचक, कोथरूड

कामाच्या. पट्ट्या काढल्या तर इमारत उभी राहणार नाही. विटा काढल्या तर राहील, फक्त आत वारा शिरेल.

हे नीट समजायला गिरणी कुठे उभी आहे ते आधी बघा. ती नदीकाठी नाही, नदीत आहे. मनिए घराण्याचा मूळ धंदा औषधी पुडांचा, १८१६ साली पॅरिसमध्ये सुरू झालेला. कडू औषधाला वरून चॉकलेटचा लेप देत, तिथून ते चॉकलेटकडे वळले. दळायला शक्ती हवी म्हणून १८२५ मध्ये त्यांनी न्वाझिएलची जुनी पाणचक्की घेतली. पुढे मुलगा एमिल-जुस्तँ मनिए याच्या हाती कारभार आला तेव्हा धंदा खूप वाढला होता. जुनी चक्की पुरेना, पण पाणी तर तिथेच. म्हणून जूल सोल्निए या वास्तुकाराला काम मिळालं: त्याच जागी, नदीतल्या दगडी पायांवर, कितीतरी मोठी गिरणी बांधायची. पायांच्या मधल्या गाळ्यांतून पाणी वाहणार आणि तिथेच यंत्रं फिरणार, म्हणजे ते गाळे बुजवायची सोय नाही.

आता विचार करा. दगडाची जाड भिंत बांधायची तर तिच्याखाली सलग पाया लागतो. इथे मध्ये मध्ये पाणीच आहे. आणि वरच्या मजल्यांवर काय ठेवायचं? कोको दळायची जड यंत्रं. कोकोच्या बियांत जवळजवळ अर्धी चरबी असते, त्यामुळे दळताना पीठ पडत नाही, ऊब लागून दाट लगदा होतो. तो पुन्हा पुन्हा रगडायचा, त्यात साखर घोटायची. वजन वरून, थरथर सतत, आणि खाली आधार फक्त काही ठिकाणी. असं ओझं पेलायचं काम तेव्हा कोण करत होतं? रेल्वेचे पूल बांधणारे.

सोल्निएने तोच विचार केला. दगडी पायांवर त्याने घडीव लोखंडाच्या पोकळ, पेटीसारख्या तुळया आडव्या टाकल्या. त्यांच्यावर बाहेरच्या भिंतींचा लोखंडी सांगाडा उभा केला, आणि त्या सांगाड्यात तुम्ही पाहिलेल्या तिरक्या पट्ट्या जाळीसारख्या बसवल्या. शेताच्या लाकडी फाटकाला आपण एक तिरकी पट्टी मारतो ना? ती नसेल तर फाटक महिन्याभरात ओळंबतं. चौकोन ढकलला तर कलतो, त्रिकोण कलत नाही. न्वाझिएलची भिंत म्हणजे अशी शेकडो फाटकं एकमेकांना बांधलेली आहेत. वारा अडवणं, यंत्रांची थरथर पोटात घेणं आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन पोचवणं, ही तिन्ही कामं ती जाळी करते.

विटा फक्त भरणीच्या. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा असतो आणि मधले खण विटांनी भरलेले असतात, तसंच हे. फ्रान्समध्येही लाकडी सांगाड्याची घरं शतकानुशतकं बांधत आले, त्यात तिरकी लाकडं असतच. सोल्निएने लाकडाच्या जागी लोखंड घेतलं आणि लपवायच्या ऐवजी बाहेर ठेवलं.

पैठणीचा पदर मात्र खोटा नाही हं. भार वाहायचा नाही म्हटल्यावर विटा मोकळ्या झाल्या. फिक्या पिवळसर आणि तांबूस विटांची नक्षी जाळीच्या चौकटींतच बसवलेली आहे, आणि झिलईच्या तुकड्यांवर कोकोचं फूल आणि मनिएचा ‘एम’ आहे. पुढच्या वेळी गेलात तर वहिनींना सांगा, आधी जर बघायची आणि मग बुट्टे. इथे जर लोखंडाची आहे.

माझे वडील सोलापूरच्या एका कापडगिरणीत फिटर होते. लहानपणी डबा घेऊन गेले की ते मला खात्याच्या दारातल्या खांबाला तळहात लावायला सांगत. ‘काय म्हणतोय?’ असं विचारत. खांब गुणगुणत असे. न्वाझिएलला मी पहिल्यांदा गेले तेव्हा यंत्रं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी हात नकळत पुढे गेलाच.

मॅडम, आम्हाला वर्गात सांगितलं की न्वाझिएलची गिरणी ही लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत. परीक्षेत हेच लिहू का?
– वास्तुशास्त्राचा विद्यार्थी, दुसरं वर्ष, कोल्हापूर

नको लिहूस. ‘पहिली’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवायचं, ‘कशात पहिली?’ असं विचारायचं आणि मग पुढे जायचं.

इंग्लंडमध्ये शीरनेस इथे आरमाराच्या गोदीत नावा ठेवायची चार मजली कोठी आहे, गॉडफ्री ग्रीन या अभियंत्याची, १८५८ ते १८६० मधली. तिचा सांगाडा पूर्ण लोखंडी आहे आणि न्वाझिएलच्या दहा वर्षं आधीचा आहे. त्यात तिरक्या पट्ट्या नाहीत. खांब आणि तुळई यांचा सांधाच इतका घट्ट केलाय की चौकट कलत नाही. आजच्या पोलादी इमारती बहुतांशी याच वाटेने गेल्या.

आणि दुसरं उदाहरण बघायला तुला पासपोर्टही लागणार नाही. कोल्हापूरहून रात्रीची गाडी पकड आणि सकाळी मुंबईत काळा घोड्याला उतर. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छताच्या कामात ज्याचा हात होता, त्या रोलंड मेसन ऑर्डिशने त्याचा आराखडा केला. बिडाचे खांब आणि इतर भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईला आणले, इथे जोडले, मध्ये विटा भरल्या आणि १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली. मी दोन फोटो शेजारी ठेवून मुलांना दाखवत असे, न्वाझिएल आणि काळा घोडा. एकाच दशकात, समुद्राच्या दोन टोकांना, लोखंड भिंतीबाहेर येऊन उभं राहिलं होतं.

मग न्वाझिएलचं वेगळेपण कशात? तिथे लोखंडी सांगाडा नुसता उभा नाही. तो पुलासारखा अंतर ओलांडतो, तिरक्या जाळीने ताठ राहतो आणि हे सगळं इमारतीच्या चेहऱ्यावर उघडपणे सांगतो. उत्तरपत्रिकेत हे लिही. परीक्षकांनी एखादा गुण कापला तर ही पानं त्यांना दाखव.

दोन्हींचं पुढे काय झालं हेही माहीत असू दे. न्वाझिएलची गिरणी १९९२ साली फ्रान्सने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. वॉटसनच्या सज्ज्यांचा भाग २००५ च्या पावसाळ्यात कोसळला, जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीत ती इमारत आली आणि २०१९ मध्ये तिथले गाळे रिकामे करावे लागले. या वाक्यापाशी माझा आवाज वर्गातही जड होत असे. काळा घोड्यावरून जाताना मी अजून मान वर करून तिचे खांब मोजते.

गाईडने आम्हाला सांगितलं की हा कारखाना आयफेलने बांधला. खरं का?
– एक वाचक, ठाणे

फ्रान्समध्ये कुठेही लोखंड दिसलं की आयफेलचं नाव येतं, जसं आपल्याकडे कुठलीही जुनी विहीर दिसली की अहिल्याबाईंचं येतं. गिरणीचं लोखंडी काम आर्माँ म्वाझाँ या कंत्राटदार अभियंत्याने केलं. तोही त्या काळचा मोठा माणूस, त्याचं श्रेय त्याला मिळू द्या.

आयफेलशी नातं आहे, पण दुसरीकडून. आयफेल मनोऱ्याला त्याचं आजचं रूप देणारा वास्तुकार स्तेफन सोव्हेस्त्र. त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनिएंसाठी नदीच्या पलीकडच्या अंगाला नवी इमारत केली, प्रबलित काँक्रीटची, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची. इतकी उंच आणि भव्य की लोक तिला ‘कॅथेड्रल’ म्हणू लागले. तिला जुन्या बाजूशी जोडायला काँक्रीटच्या कमानीचा पूल आहे, सुमारे ४५ मीटरची एकच उडी, नाव ‘पाँ आर्दी’ म्हणजे धाडसी पूल. एका घराण्याने पस्तीसेक वर्षांच्या अंतराने आधी लोखंड आणि मग काँक्रीट, दोन्ही नवी असतानाच वापरून पाहिली. हे धाडस गोड पदार्थाच्या धंद्यात झालं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

ताई, इमारतीचं कौतुक वाचलं. त्यात राबणाऱ्यांचं काय? माझे आजोबा गिरणीत होते, म्हणून विचारते.
– एक वाचक, इचलकरंजी

हा प्रश्न कोणी विचारील याची मी वाटच पाहत होते.

१८७४ पासून मनिएंनी कारखान्याशेजारी कामगारांसाठी वस्ती बांधायला घेतली. विटांची जोडघरं, एका छपराखाली दोन कुटुंबं, प्रत्येकाला परसबाग. घरं रांगेत समोरासमोर न ठेवता एकाआड एक सरकवून बसवली आहेत, म्हणजे माझ्या खिडकीतून तुमची भिंत दिसत नाही, मोकळी जागा दिसते. ही युक्ती पूर्व फ्रान्समधल्या म्यूलूझ या शहरातल्या कामगार वस्तीवरून घेतलेली. शाळा होती, दुकानं होती, एकट्या कामगारांसाठी खाणावळ होती. आमच्या सोलापूरच्या खोलीत सहा माणसं आणि एक खिडकी होती, ती खिडकीही जिन्यात उघडायची. न्वाझिएलच्या त्या परसात उभी असताना मला आईची आठवण आली. तिला एक तुळस लावायला जमीन हवी होती.

पण दुसरी बाजूही सांगते. म्यूलूझला कामगार हप्ते भरून घराचा मालक होऊ शकत असे. न्वाझिएलला घर भाड्याचंच राहिलं. एमिल-जुस्तँ मनिए १८७१ पासून गावचा महापौर होता. नोकरी त्याची, घर त्याचं, गावचा कारभारही त्याचाच. अशा गावात मालकाशी भांडायचं तर भांडून जायचं कुठे? आणि साखळीचं दुसरं टोक तर फ्रान्समध्ये दिसतच नाही. १८६२ मध्ये त्यांनी निकाराग्वात कोकोची जमीन घेतली होती. तिथे राबणाऱ्यांच्या दारात परसबाग होती का, हे त्या सुंदर भिंतीवरचं कोकोचं फूल सांगत नाही. तुमच्या आजोबांच्या वतीने विचारलंत, बरं केलंत. वास्तूच्या इतिहासात ही पानं हवीतच.

ती इमारत आतून बघता येते का? कसं जायचं?
– दांपत्य, सांगली

पॅरिसहून आरईआर ‘ए’ ही उपनगरी गाडी न्वाझिएलला जाते. स्थानकापासून नदीपर्यंत रमतगमत चालत जा, वाटेत ती वस्ती लागते. फ्रान्समध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतात, एरवी बंद असलेल्या कित्येक वास्तू तेव्हा उघडतात. निघण्याआधी न्वाझिएलच्या नगरपालिकेकडे विचारणा करा. आत जाता आलं नाही तरी हळहळू नका, या इमारतीचं सगळं शहाणपण बाहेरच्या अंगाला आहे. सकाळी जा, ऊन तिरपं असताना जाळीची सावली विटांवर पडते.

चॉकलेटचा वास मात्र येणार नाही. कारखाना नेस्लेकडे १९८८ साली आला, उत्पादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. मग बर्नार राइशेन आणि फिलिप रोबेर या वास्तुकारांनी सगळा परिसर दुरुस्त करून घेतला आणि १९९६ पासून तिथे कंपनीचं फ्रान्समधलं मुख्यालय होतं. काही वर्षांपूर्वी तेही पॅरिसलगतच्या दुसऱ्या उपनगरात हललं. ज्यांना हे कार्यालय तिथे नको होतं त्यांचं दुःख मला समजतं. पण पंचवीस वर्षं कोणीतरी छपराची पन्हाळं साफ केली, लोखंडाला रंग दिला. जुन्या इमारतीला सर्वांत आधी हे हवं असतं.

मी जन्मापासून पार्लेकर. शाळेत असताना गाडी स्टेशनात शिरायच्या आधीच बिस्किटांचा वास यायचा. आता तो नाही. आमच्या कारखान्याच्या भिंतींवर ना नक्षी होती, ना कोकोची फुलं. मग अशा इमारतीला वारसा म्हणायचं का? आणि माझ्यासारखीने काय करायचं?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. म्हणायचं, अगदी निःशंक म्हणायचं.

पार्ल्याचा कारखाना १९२९ चा, आणि सुरुवात गोळ्यांपासून, बिस्किटं नंतर आली. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. एका उपनगराचं नाव देशभरातल्या चहाच्या बशीपर्यंत पोचवणारी ही जागा. तिला वारसा ठरायला नक्षीची गरज नाही.

न्वाझिएलने मला शिकवलं ते असं की कारखान्याची इमारत समजायची तर आत काय शिजत होतं ते आधी विचारायचं. चॉकलेट वेगळं, गोळी वेगळी, बिस्किट वेगळं, आणि प्रत्येकाचं घर वेगळं. कोकोची चरबी ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून चॉकलेटला गार खोल्या लागतात. साखरेच्या कडक गोळीचा पाक १५० अंशांच्या आसपास चढवावा लागतो, म्हणजे एका टोकाला धगधगती पाकशाळा. पण तीच गोळी तयार झाली की हवेतला ओलावा ओढते आणि चिकटते, म्हणून दुसऱ्या टोकाला कोरडी, बंद बांधणीची खोली. मुंबईच्या पावसाळ्यात ही दोन टोकं एका छपराखाली सांभाळायची! बिस्किटाचं आणखी निराळं. सरकत्या पट्ट्यावरून लांबच लांब भट्टीतून ते जातं, म्हणून शेड लांबट, आणि उष्णता बाहेर टाकायला वर धुराडी. तुमच्या नाकापर्यंत स्टेशनवर जो वास यायचा, तो त्या इमारतीचा उच्छ्वास होता.

म्हणून काय करायचं ते सांगते. तुमच्या आळीत, नात्यात, तिथे काम केलेली माणसं अजून असतील. एखाद्या काकांकडे, मावशीकडे चहाला जा. सोबत मोठा कागद आणि पेन्सिल न्या. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं म्हणू नका, माणसं गडबडतात. ‘दारातून आत शिरलात की डावीकडे काय?’ असं विचारा. मैदा कुठे उतरायचा, पाणी कुठून यायचं, कणीक कुठे मळायची, कुठल्या खात्यात घाम फुटायचा आणि कुठल्यात वारा लागायचा, बायका कुठे बसून वेष्टणं लावायच्या, भोंगा कुठे होता, जेवण कुठे व्हायचं. प्रत्येक उत्तराला कागदावर एक चौकोन. दुसऱ्या कोणाला तोच कागद दाखवा, तो खोडेल, भांडेल, नवा चौकोन काढेल. तिसऱ्या भेटीपर्यंत तुमच्या हातात असा नकाशा असेल जो कुठल्याही कचेरीत मिळणार नाही. मालेगावजवळ रावळगावला १९४० च्या दशकात गोळ्या बनायला लागल्या, तिथल्या वाचकांनाही माझी हीच विनंती आहे.

माझ्या वडिलांच्या खात्याचा असा नकाशा मी काढला नाही. ते गेले तेव्हा मी फ्रान्समधल्या गिरण्या फळ्यावर काढण्यात गुंतले होते, आणि ते ज्या खांबाशी मला उभं करत, तो खात्याच्या कुठल्या दारात होता हे मला आज सांगता येत नाही.

तुमचा कागद वाकडातिकडा झाला तरी तसाच पाठवा, मासिकाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. भट्टीच्या जागी एक खूण करा आणि वारा कुठून कुठे वाहायचा त्याचा बाण काढा. स्टेशन कुठल्या बाजूला, तेही दाखवा.